साळुंकी, भोरडी आणि आपला शाळू



शाळू चिकात आलाय आणि भोरड्या उतरल्यात. आठ दिवस झाले, सकाळी सातला आणि दुपारी चारनंतर आमच्या शिवारात डबे वाजतायत. या दिवसांत एक प्रश्न हमखास येतो. "भोरडी म्हणजे साळुंकीच ना? मग वर्षभर गोठ्यात फिरणारी साळुंकी नेमकी आत्ताच कणसाला कशी लागते?" हुरड्याला आलेले पाहुणे तर दोन्हींना मैना म्हणून मोकळे होतात. पाखरू ओळखता आलं नाही तर त्याचा बंदोबस्तही नीट करता येत नाही आणि त्याची कदरही करता येत नाही. म्हणून आज या दोघींवर सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

आधी ओळख. दोघी एकाच कुळातल्या, मैनांच्या. साळुंकी अंगानं तपकिरी, डोकं काळं, चोच आणि पाय पिवळे, डोळ्यामागं पिवळी कातडी. उडाली की पंखात पांढरा ठिपका चमकतो. भोरडी अंगानं थोडी लहान. तिचं डोकं, पंख आणि शेपटी काळी, पाठ-पोट गुलाबी, डोक्यावर मागं पडलेला तुरा. पण आपल्याकडं येणाऱ्या थव्यात सगळ्याच गुलाबी नसतात. वर्षाच्या आतली पिल्लं मातकट रंगाची, पिवळसर चोचीची असतात आणि इथंच लोकांचा घोळ होतो. लांबून ओळखायची खूण सांगतो. दोन-दोन, चार-चार दिसल्या, चालत किडे टिपताना दिसल्या तर साळुंक्या. शेकड्यांनी एकदम उठल्या, हवेत गोळा वळला, फुटला, परत जुळला आणि सगळ्या मिळून एका तुकड्यात कोसळल्या तर भोरड्या.

तिसरी एक भांगपाडी मैना आहे. डोक्यावर काळे केस मागं विंचरल्यागत, पोट बदामी. ती बांधावरच्या झाडांत असते. तिच्यावर परत कधीतरी.

शास्त्रातली नावं ऐकण्यासारखी आहेत. साळुंकीच्या घराण्याला अ‍ॅक्रिडोथेरेस म्हणतात. त्याचा अर्थ टोळांची शिकार करणारी. भोरडीचं नाव पॅस्टर रोझिअस. पॅस्टर म्हणजे मेंढपाळ आणि रोझिअस म्हणजे गुलाबी. मेंढरांच्या पायाखालून उडणारे किडे टिपत ती कळपामागं हिंडते, म्हणून हे नाव. आपल्या नगर जिल्ह्यात, जिथं धनगरांचे वाडे माळावर बसतात, तिथं हे नाव कुणाला समजावून सांगायची गरज नाही. नावं ठेवणाऱ्यांनी दोघींचं काम बघून नावं ठेवली आणि दोघींचं काम किडे खायचंच निघालं.

आता एकेकीचं बघू.

साळुंकी आपल्या घरची. ती कुठं जात नाही. भिंतीतलं भोक, पत्र्याखालची फट, विहिरीच्या कडेचं बीळ, जुन्या आंब्याची ढोली, कुठंही घरटं करते. चार ते सहा निळी अंडी घालते. नर-मादी जोडीनं राहतात, पिल्लांना दोघं भरवतात. नांगरट सुरू झाली की बगळ्यांबरोबर ती मागं येते. आमच्याकडं उसात हुमणीनं काय केलंय ते राहुरी, नेवासा, श्रीगोंद्याच्या लोकांना सांगायला नको. उन्हाळ्यात खोल नांगरट करा, हुमणीच्या अळ्या उघड्या पडू द्या, पाखरं टिपतील, असं कृषी विद्यापीठाचे लोक सांगतात. त्या पाखरांत बगळा आणि कावळ्याबरोबर साळुंकी असते. म्हणजे आपण नांगरायचं आणि तिनं वेचायचं. मजुरी नाही, फवारा नाही. पेरू, अंजीर, द्राक्षावाले तिच्यावर नाराज असतात, तेही खरं आहे. पिकलेलं फळ ती सोडत नाही.

हीच साळुंकी किड्यांसाठी परदेशातही नेली गेली. 1762 मध्ये मॉरिशसला टोळांचा बंदोबस्त करायला भारतातून साळुंक्या नेल्या. आपली मराठी माणसं तिथल्या उसाच्या मळ्यांवर पोचली ती पुढच्या शतकात, म्हणजे साळुंकी त्यांच्या आधी पोचली होती. 1862 मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला भाजीपाल्यावरच्या किड्यांसाठी नेली. पुढं तिकडच्या क्वीन्सलँडमध्ये उसाच्या भागात सोडली. तिनं किडे खाल्ले, पण तिथल्या पोपटांच्या ढोल्याही बळकावल्या. आज जगातल्या शंभर सगळ्यात त्रासदायक उपऱ्या जीवांच्या यादीत तिचं नाव आहे. त्या यादीत पक्षी फक्त तीन आहेत. साळुंकी, आपला लालबुड्या बुलबुल आणि युरोपातली स्टार्लिंग. ही स्टार्लिंग म्हणजे या दोघींची तिकडची चुलत बहीण. इथं दोष पाखराचा धरू नका. आपल्या बांधावर साळुंकीला शिकरा आहे, साप आहे, पोपट आणि पिंगळ्याशी ढोलीसाठी भांडण आहे. तिकडं तिला अडवणारं कुणी नव्हतं.

आता भोरडी. ही आपल्याकडची पाहुणी, पण पाहुणी जाते फार थोडे दिवस. जुलैच्या शेवटापासून ती देशात यायला लागते आणि एप्रिलात परत निघते. तिचं माहेर कझाकस्तान, तुर्कस्तान, दक्षिण रशिया, पश्चिम चीन या बाजूच्या गवताळ मुलखात. मे-जूनमध्ये तिकडं टोळ आणि नाकतोडे माजतात, तेव्हा ती दगडांच्या ढिगात, कड्याच्या फटीत हजारोंनी एका ठिकाणी घरटी करते. यंदा टोळ जिथं, तिथं यंदाची वस्ती. पुढच्या साली दुसरीकडं. चीनमध्ये शिनजियांग प्रांतात 1980 च्या दशकापासून तिच्यासाठी मुद्दाम दगडाची घरटी रचून दिली, कारण ती टोळ खाते. तिकडचा शेतकरी तिला घर बांधून देतो, इकडं आपण तिच्या नावानं डबे बडवतो. पाखरू तेच आहे.

तिचं नुकसान मी लपवत नाही. चिकातला दाणा ती चोचीत दाबून पिते. कणीस वरून बरं दिसतं, हातात घेतलं की भुसकट. सुरुवात बांधाकडच्या तासांपासून होते. दाणा कडक झाला की तिचा जोर कमी होतो. म्हणजे खरा धोका चिकापासून हुरडा सरेपर्यंतचा, दोन-तीन आठवड्यांचा. तेवढे दिवस सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचे शेवटचे दोन तास जो राखेल त्याचं पीक वाचतं.

पण तिचं सगळं पोट शाळूवर नाही. येते तेव्हा शेतात कणीस नसतंच. तेव्हा ती नाकतोडे, अळ्या, वड-पिंपळ-उंबराची फळं खाते. त्या फळांच्या बिया विष्ठेतून पडतात, आणि विहिरीच्या कडेला न लावता उगवलेले पिंपळ-उंबर असेच आलेले असतात. फेब्रुवारी-मार्चात पळस, पांगारा, काटेसावर फुलली की मध खाताना तिचं कपाळ परागानं माखतं. पळसमैना हे नाव त्यावरूनच आलं. हरभऱ्यात मी दर साली इंग्रजी टी आकाराचे पक्षी थांबे रोवतो आणि चार-दोन ओळींत शाळूचे दाणे टाकतो. शाळू वर निघतो आणि पाखरांना बसायला जागा होते. त्यावर साळुंकी बसते, कोतवाल बसतो आणि भोरडीही बसते. खाली उतरून घाटेअळी उचलताना मी तिला डोळ्यांनी बघितलंय. शाळूच्या वावरात जी चोर, तीच शेजारच्या हरभऱ्यात राखणदार.

आता मुद्द्यावर येतो. जगातल्या प्राणी-पक्ष्यांची स्थिती ठरवणारी आययूसीएन नावाची संस्था आहे. तिच्या लाल यादीत प्रत्येक जातीवर शिक्का असतो. या दोघींवर एकच शिक्का आहे, 'काळजीचं कारण नाही'. आमच्या पोरानं मोबाईलवर काढून दाखवलं आणि म्हणाला, "बघा आबा, काय होत नाही त्यांना. सुतळी बॉम्ब लावा नाहीतर काही करा."

मी त्याला म्हणालो, शिक्का बरोबर आहे, पण तो काय मोजतो ते बघ. तो सगळ्या जगातली मिळून संख्या मोजतो. दहा वर्षांत किंवा त्या पाखराच्या तीन पिढ्यांत निदान 30 टक्के घट दिसली तर 'असुरक्षित' म्हणतात. 50 टक्क्यांनी 'संकटग्रस्त', 80 टक्क्यांनी 'अतिसंकटग्रस्त'. आपल्या तालुक्यातून एखादं पाखरू उठून गेलं तर त्या यादीत एक अक्षर बदलत नाही. त्यांची ती चुलत बहीण स्टार्लिंग बघा. जगाच्या यादीत तिच्यावरही 'काळजीचं कारण नाही' हाच शिक्का आहे. पण ब्रिटनच्या स्वतःच्या यादीत ती लाल रंगात आहे, कारण तिथली संख्या फार घसरली. कायमची गवताची कुरणं कमी झाली, मातीतले किडे कमी झाले. एकच पाखरू एका यादीत निर्धास्त आणि दुसऱ्या यादीत धोक्यात, आणि दोन्ही याद्या खऱ्या.

आपल्याकडचं उदाहरण माळढोकाचं. 1979 मध्ये अभयारण्य झालं तेव्हा सोलापूरबरोबर आपल्या जिल्ह्याचा भागही त्यात होता. पुढं 8,496 चौरस किलोमीटरचं क्षेत्र कमी करून 1,222 वर आणलं. 2011 मध्ये जगाच्या यादीत माळढोक 'अतिसंकटग्रस्त' झाला. तो शिक्का बसेपर्यंत आमच्या माळावरून तो कधीच उठला होता. आज कर्जत तालुक्यात तिशीच्या आतला माणूस विचारा, माळढोक बघितलेला सापडायचा नाही. शिक्का नुकसान झाल्यावर बसतो, एवढं ध्यानात ठेवलं पाहिजे.

म्हणून एकाच शिक्क्याखालच्या या दोघींचा हिशेब मी वेगवेगळा मांडतो.

साळुंकी आपल्या चालीशी जुळवून घेते. वाडा पडला तर सिमेंटच्या घरात, झाड तोडलं तर सिग्नलच्या खांबात. जगात तिची संख्या वाढतेच आहे. तिला धोका असेल तर तो आपण मातीत टाकतो त्या औषधाचा. हुमणीसाठी उसात फोरेट किती पोती गेलं याचा हिशेब प्रत्येक गावाकडं आहे. 2020 सालच्या शेवटी त्यावर बंदी आली. पण दाणेदार औषध बदललं तरी वापरायची रीत तीच राहिली तर किडा वेचणारं पाखरू तेच खाणार. तरी साळुंकीचं एक बरं आहे, तिला काही झालं तर आपल्या डोळ्यांसमोर होईल. गोठ्यातली दिसायची बंद झाली तर म्हातारीसुद्धा विचारील.

भोरडीचं तसं नाही. तिचं घर परमुलखात, दाणापाणी आपल्याकडं. दोन्हीकडचं टिकलं तरच ती टिकते. तिची मोजदादही अवघड, कारण टोळांबरोबर तिच्या वस्त्या जागा बदलतात. आणि आपल्या शिवारात तिचा थवा बघून आपण फसतो. हे नीट वाचा.

आमच्या लहानपणी कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पाथर्डी, जिकडं बघाल तिकडं रब्बीत शाळू. मैलभर पसरलेल्या कणसांवर भोरड्या वाटल्या जायच्या. प्रत्येक वावरात माळा, माळ्यावर पोरगं, हातात गोफण. खायच्या, पण कुणा एकाचं वाटोळं होत नव्हतं. आता पाणी आलं तिथं ऊस आला, कांदा आला, खरिपातली सोयाबीन आली. शाळू तुकड्या-तुकड्यांत राहिला. आता भोरड्या तेवढ्याच राहिल्या, किंवा निम्म्या झाल्या, तरी शाळूच्या एका तुकड्यावर पूर्वीपेक्षा जास्त उतरणार. आपण म्हणतो, "भोरड्या लई वाढल्या." वाढल्या असतील, नसतील. दाटी बघून संख्या सांगता येत नाही. टाकीवर एकच तोटी चालू ठेवली की तिथं गर्दी दिसते, म्हणून गावाची वस्ती वाढली असं होत नाही.

आणि या दाटीचा भार कोण उचलतो? जो अजून शाळू पेरतो तो. नुकसान झालं की तो कंटाळून कांद्याकडं वळतो. मग उरलेल्याच्या वावरावर आणखी दाटी. पुढच्या साली तोही वळतो. हा फास असा आवळत जातो आणि यात शाळू, कडबा आणि भोरडी तिघांचंही जातं.

गेल्या साली मी चौकशी केली की पाखरांच्या नुकसानीला भरपाई आहे का. रानडुक्कर, हरीण, रोही, माकड यांची नावं यादीत आहेत. पाखराचं नाव नाही. मारायचं म्हटलं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं मैना आणि स्टार्लिंग दोन्ही संरक्षित आहेत. 2022 च्या दुरुस्तीत परिशिष्टं बदलली, पण मारायची मोकळीक मिळालेली नाही. विषाचा दाणा टाकणं तर गुन्हा आहेच, शिवाय तो दाणा फक्त भोरडी खात नाही. मोर खातो, चितूर खातो, तुमची कोंबडी खाते. 2023 हे साल जगानं भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं. ज्वारी खा, बाजरी खा, सगळीकडं बोर्ड लागले. राखणीची मजुरी कुणी धरायची, हे कुठल्या बोर्डावर मला दिसलं नाही.

आमच्या घरात हाच वाद चालू आहे. दोन एकर शाळू. एका पाण्यावर एकरी सहा-सात क्विंटल दाणा आणि गायांना वर्षाचा कडबा. पोरगा म्हणतो, दोन्ही एकर कांदा करू. त्याचं गणित खोटं नाही. कांद्याला भाव लागला तर शाळू त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण भाव पडला तर कांदा गायीपुढं टाकता येत नाही, आणि कडबा विकत घ्यायची वेळ आली की दुधाचे पैसे कुठं जातात ते त्याच्या आईला विचारा. मी त्याला दोन साल मागितले आहेत. त्या दोन सालांत जे करून बघतोय ते तुम्हाला सांगतो.

गेल्या साली आम्ही पाच जणांनी लागून असलेल्या वावरांत एकाच आठवड्यात शाळू पेरला. मिळून अकरा एकर. सगळ्यांचा शाळू बरोबर निसवला आणि बरोबर चिकात आला, त्यामुळं भोरड्यांना एकट्या-दुकट्याचं लवकर आलेलं वावर सापडलं नाही. नुकसान झालं, पण वाटलं गेलं, आणि कुणाचंही कणीस-कणीस गेलं नाही. राखणीच्या पाळ्या लावल्या. एका सकाळी एकानं सगळ्या अकरा एकरांवर फिरायचं. पाच दिवसांत एक पाळी, म्हणून कुणाला जड गेलं नाही.

यातून कळलं ते थोडक्यात लिहितो.

पेरणी एकत्र करा. पुढं-मागं पंधरा दिवस झाले तर पहिलं येणारं आणि शेवटी राहणारं वावर मार खातं.

थवा बसायच्या आधी हाका. एकदा उतरून चव लागली की तो परत-परत तिथंच येतो. पहिल्या चार दिवसांची राखण पुढच्या दहा दिवसांचं काम हलकं करते.

एकच युक्ती रोज करू नका. बुजगावणं तिसऱ्या दिवशी त्यांच्या बसायची जागा होतं. चमकीच्या पट्ट्या, डबा, गोफण, माणसाची फेरी आलटून-पालटून करा. पाईपच्या कार्बाइड बंदुकीपासून पोरांना लांब ठेवा, डोळे जातात.

बांधावरचा उंबर, पिंपळ तोडू नका. "पाखरं तिथं बसतात म्हणून तोडला," असं म्हणणारे आहेत. पाखरांना उंबरावर फळ मिळालं तर तेवढा वेळ ती कणसावर नसतात. बसायला ती विजेच्या तारेवरही बसतातच.

हरभऱ्यात थांबे लावा, आणि थांबे लावले त्या वावरात जहाल औषध मारू नका. बोलावून विष घालण्यासारखं होतं ते.

यंदा पाचातले आम्ही चार राहिलो. एकानं कांदा लावला. त्याला मी काही बोललो नाही, त्याच्यावर कर्ज आहे आणि त्याचा निर्णय त्यानं घ्यायचा. आता नऊ एकर आहे. गेल्या सालापेक्षा दाटी जास्त वाटते, पाळी लवकर येते. काढणीनंतर चौघांच्या दाण्याचं आणि कडब्याचं वजन इथं टाकीन, कमी आलं तरी टाकीन. पोराचा आणि माझा वाद त्याच आकड्यांवर मिटेल.

तुमच्या शिवारात शाळू किती राहिला आणि भोरडी कुठल्या आठवड्यात उतरली ते लिहून ठेवा. वहीत लिहा, भिंतीवर लिहा, पण तारीख टाका. दहा वर्षांनी कुणी विचारलं की भोरड्या वाढल्या का घटल्या, तर आपल्याकडं दाटीच्या अंदाजापेक्षा बरं काहीतरी सांगायला पाहिजे. आणि शेजाऱ्याचा शाळू चिकात असेल तर सकाळी तुमच्या वावराबरोबर त्याच्याही वावराला एक फेरी मारा.

राम राम.